बिऱ्हाडकरूचा तिसावा दिवस

सकाळी 6.30

शेकर बंद केला की खोली एकदम गप्प होते. अठरा नळ्या रात्रभर 30 अंशांवर डुलत होत्या, आता स्टँडवर उभ्या आहेत, गढूळ, ताकाच्या निवळीसारख्या. फेब्रुवारीची पुण्यातली पहाट गार आहे, हात चोळून घ्यावे लागतात, मग पिपेट धरायची. प्रत्येक नळीतून 5 मायक्रोलिटर उचलायचे आणि 5 मिलिलिटर ताज्या एलबी या पोषक द्रावणात सोडायचे. हजारास एक. हजारपट पुन्हा भरून यायला जिवाणूंना दहा वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे एका रात्रीत दहा पिढ्या. आज तीस रात्री झाल्या, तीनशे पिढ्या. माणसाच्या पिढीला पंचवीस वर्षं धरली तर हे साडेसात हजार वर्षांचं काम झालं. म्हणून रविवार नाही, सुट्टी नाही. संक्रांतीलाही मी इथेच होते.

नळ्यांत तीन यजमान आहेत: ई. कोलाय, स्युडोमोनास पुटिडा आणि शेवानेला. प्रत्येकाच्या सहा नळ्या, तीन टेट्रासायक्लीन घातलेल्या, तीन साध्या. तिघांच्याही पोटात एकच बिऱ्हाडकरू आहे. गेल्या वर्षी मुठेच्या गाळातून पकडलेलं एक प्लाझ्मिड. वहीत त्याचं नाव मु-17.

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या गुणसूत्राबाहेर राहणारं डीएनएचं कडं. हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये दिला. बहुतेक प्लाझ्मिडं एका जातीत किंवा तिच्या जवळच्या गोतावळ्यात राहतात. मोजकी मात्र अशी असतात की ज्यांना कुणाचंही घर चालतं. आतड्यातला जिवाणू, मातीतला, झाडाच्या मुळाशी गाठ करणारा, रुग्णाच्या जखमेतला. आम्ही त्यांना बहुयजमानी म्हणतो. गेली अकरा वर्षं मी एकाच प्रश्नामागे आहे: कुठल्याही घरी राहता येणं हे त्यांना कसं जमतं, आणि एकाच घरात फार दिवस राहिलं तर ते जमणं टिकतं का?

शेवानेलाच्या नळ्या लांबूनही ओळखू येतात. त्यांच्या पेशींत लोहयुक्त सायटोक्रोम भरपूर असतात, त्यामुळे तळाशी बसलेला साका गुलाबट विटकरी दिसतो. अठरावी नळी लावून शेकर पुन्हा सुरू केला तेव्हा सव्वासात झाले होते.

सकाळी 8.00

काल संध्याकाळी लावलेलं मेटिंग काढायचं. पेट्री डिशमध्ये आगरवर एक पांढरं गोल फिल्टर पडलेलं आहे, रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याएवढं, आणि त्यावर मातकट साय आली आहे. ही साय म्हणजे भिडे पुलाखालच्या गाळातून धुऊन काढलेले जिवाणू आणि आमचा पाळलेला ई. कोलाय, रात्रभर अंगाला अंग लावून.

हे फिल्टर का, हे नव्या मुलांना नेहमी विचारावंसं वाटतं. दोन्ही जिवाणू एका नळीत ओतून हलवले तर काम होणार नाही का? एफ गटाच्या प्लाझ्मिडांचं होतं. त्यांचे तंतू, म्हणजे पिलस, लांब आणि लवचीक असतात, पाण्यातसुद्धा दुसऱ्या पेशीला गाठतात. पण आम्हाला हवा असलेला गट आयएनसी-पी; त्याचे पिलस आखूड आणि ताठ. पाण्यात हलवत राहिलं की जुळलेली जोडी सुटते. त्यांना टेकायला जागा लागते: पृष्ठभाग, साय, शेवाळलेला दगड, नळाच्या आतला बुळबुळीत थर. नदीच्या वाहत्या पाण्यापेक्षा गाळात ही मंडळी जास्त का भेटतात याचं एक उत्तर त्या आखूड पिलसमध्ये आहे.

पेशी टेकल्या की एक प्रथिन प्लाझ्मिडच्या कड्याला ठरावीक जागी एका बाजूने चीर देतं. दोनपैकी एक धागा उलगडत पलीकडे जातो, आणि दोन्हीकडे जोडीदार धागा नव्याने विणला जातो. देणाऱ्याचं काही जात नाही. थोड्याच वेळात घेणाराही देणारा होतो.

आमच्या ई. कोलायला दोन खुणा आहेत: तो रिफॅम्पिसिनला दाद देत नाही, आणि निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. टेट्रासायक्लीन मात्र त्याला मारतं. म्हणजे रिफॅम्पिसिन आणि टेट्रासायक्लीन दोन्ही असलेल्या प्लेटवर एखादी हिरवी कॉलनी उगवली, तर तिने टेट्रासायक्लीनचा प्रतिकार रात्रीत गाळातल्या कुणाकडून तरी मिळवलेला असतो. तो कुणी दिला हे कळत नाही. घर दिसत नाही, सामान तेवढं हाती लागतं.

फिल्टर चिमट्याने उचलून सलाइनमध्ये टाकलं, व्होर्टेक्सवर धरलं. पाणी मातकट झालं आणि फिल्टर पुन्हा पांढरं.

सकाळी 9.15

या कामात जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

परवाच्या मेटिंगच्या प्लेट आज वाचायच्या होत्या. नारिंगी चष्मा लावला, निळा दिवा धरला, आणि पहिल्याच प्लेटवर हिरव्या ठिपक्यांचं चांदणं. विद्यार्थिनी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने श्वास रोखलेला मला जाणवला. मी कंट्रोलची प्लेट मागितली. त्या प्लेटवर फक्त ई. कोलाय पसरलेला असतो, गाळ नाही, म्हणजे मिळवायला काहीच नाही. ती प्लेट कोरी हवी. तिच्यावरही ठिपके होते. लहान, मोहरीपेक्षा बारीक, पण हिरवेच.

टेट्रासायक्लीन मेलं होतं. शनिवारी प्लेट ओतल्यावर मी त्या बाकावर ठेवल्या, खिडकीसमोर, आणि गुंडाळायच्या राहिल्या. टेट्रासायक्लीन उजेडाने मोडतं, रिफॅम्पिसिनही. हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे.

"ताई, मोठ्या मोठ्या कॉलन्या तरी खऱ्या असतील ना? त्या तेवढ्या उचलूया?"

"नाही. ज्या प्लेटचा कंट्रोल खोटा, तिच्यावरचं खरंही आपल्या कामाचं नाही."

"सगळ्या फेकायच्या?"

"सगळ्या. आणि वहीत लिही, प्लेट कुणी ओतल्या तेही."

तिने लिहिलं. माझं नाव लिहिताना जरा थबकली, मी मान हलवली, मग लिहिलं. चाळीस प्लेट लाल पिशवीत गेल्या. आजची मातकट सलाइन बर्फात ठेवली. दोन तास ती थांबेल.

सकाळी 10.00

प्रयोगशाळेतल्या मामांनी ऑटोक्लेव्ह लावून दिला आहे. 121 अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं, आणि मग दाब उतरायची वाट. आगर ओतण्याजोगा, म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास, व्हायला आणखी वेळ. या वेळात फळ्यापाशी उभं राहून बोलायची आमची जुनी सवय आहे. आज विद्यार्थिनीने विचारलं, "आयएनसी-पीतलं आरपी-4 सगळे वापरतात, पण ते आलं कुठून?"

बर्मिंगहॅमहून. तिथल्या अपघात रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षातून, 1969 मध्ये. भाजलेल्या कातडीवर स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू हमखास बसतो. त्याच्यावर कार्बेनिसिलिन हे नवं औषध आलं होतं, आणि थोड्याच काळात त्या कक्षात त्याला न जुमानणारे जिवाणू सापडू लागले. प्रतिकार प्लाझ्मिडवर होता, आणि तेच प्लाझ्मिड सहज ई. कोलायमध्येही जात होतं. कार्बेनिसिलिनबरोबर कॅनामायसिन आणि टेट्रासायक्लीनचा प्रतिकारही त्याच कड्यात. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्याला वेगवेगळी नावं दिली: आरपी-1, आरपी-4, आरके-2, आर-18, आर-68. पुढे कळलं की ही सगळी जवळपास एकच. 1994 मध्ये त्याचा पूर्ण क्रम प्रसिद्ध झाला: 60,099 अक्षरं.

मला त्या कक्षाचा विचार आला की दर वेळी थांबायला होतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवाणूंमध्ये जनुकं सरकवायला जी साधनं वापरतात, त्यांतली कितीतरी या कड्याचे तुकडे आहेत. झाडांत जनुक घालण्यासाठी 1984 मध्ये तयार झालेल्या पी-बिन-19 मध्येही आपली प्रत काढण्याची यंत्रणा याचीच. कुणीतरी त्या कक्षात भाजून पडलं होतं, त्यांच्या जखमेतून हे आलं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, असावीतच असंही नाही, पण हे वाचताना जखम विसरू नये.

"पण कुठेही कसं राहतं?" तिने पुन्हा विचारलं. हाच खरा प्रश्न.

आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. काही प्लाझ्मिडं अगदी तशी. आरएसएफ-1010 घ्या: जेमतेम 8,684 अक्षरांचं, पण स्वतःची प्रत काढायला लागणारी तीन मुख्य प्रथिनं स्वतःच बाळगतं. सुरुवातीची जागा ओळखणारं एक, धागे उकलणारं एक, नव्या धाग्याचा पहिला टाका घालणारं एक. यजमानाकडून त्यासाठी फारसं मागत नाही. चूल, तवा, परात सगळं सोबत. म्हणून घरमालक कोण, याची त्याला पर्वा नसते. दुसऱ्या घरी जायचा दरवाजा मात्र त्याचा स्वतःचा नाही. आरपी-4 सारखं कुणी शेजारी असलं की त्याच्या दारातून निघतं.

आरके-2 चं तसं नाही. ते सोबत एकच प्रथिन आणतं, टीआरएफ-ए. हे प्रथिन प्लाझ्मिडवरच्या 17 अक्षरांच्या ओळीने आलेल्या खुणांना धरतं, धागे थोडे उघडतं, आणि पुढच्या कामाला यजमानाचं हेलिकेज, म्हणजे धागे उकलणारं यंत्र, बोलावतं. आता गंमत इथे आहे, आणि मला ती आजही पहिल्यांदा वाचल्यासारखी वाटते. एकाच जनुकातून टीआरएफ-एची दोन रूपं निघतात, एक 44 किलोडाल्टनचं, एक 33 चं. लांब रूपाला पुढच्या टोकाला एक जादा शेपूट आहे, एवढाच फरक. ई. कोलायमध्ये आखूड रूपाने भागतं. तिथे यजमानाचं डीएनए-ए नावाचं प्रथिन मध्यस्थी करून हेलिकेज आणतं. स्युडोमोनास एरुजिनोसात मात्र लांब रूपच लागतं. ते मध्यस्थाविना थेट हेलिकेजला धरून बसवतं. म्हणजे बिऱ्हाडकरूच्या जुडग्यात दोन किल्ल्या आहेत, आणि जसं घर असेल तशी किल्ली तो काढतो.

मी फळ्यावर त्या जादा शेपटाभोवती गोल काढला. संध्याकाळी त्याची गरज पडणार होती.

दुपारी 12.10

प्लेट ओतल्या. बाटलीचं बूड हाताच्या पंजाला सोसवेल इतकं झालं की औषध घालायचं, फेस न येऊ देता फिरवायचं, वीस-वीस मिलिलिटर. या वेळी थिजल्या थिजल्या फॉइलमध्ये. बर्फातली सलाइन दहापट, शंभरपट, हजारपट विरळ करून पसरली. तिच्या हाताला आता लय आली आहे. काचेचा दांडा स्पिरिटमध्ये, ज्योतीत, आगरच्या कडेला टेकवून थंड, मग फिरवणं. कंट्रोल आधी पसरायचे, हे आज सांगावं लागलं नाही.

दुपारी 1.00

डबा. पोळी, मेथी, तिच्या डब्यातलं लोणचं.

दुपारी 2.00

जेलची वेळ. काल काढलेल्या प्लाझ्मिडांना इको-आर-वन या एन्झाइमने कापलं होतं. हे एन्झाइम डीएनएत जिथे जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसतील तिथे कापतं. साध्या हिशेबाने अशी जागा सरासरी दर 4,096 अक्षरांना एकदा यावी. मग 60,099 अक्षरांच्या आरपी-4 मध्ये ती चौदा-पंधरा वेळा हवी. त्याच्या डीएनएत जी आणि सीचं प्रमाण जास्त आहे, ते हिशेबात धरलं तरी सात-आठ वेळा तरी.

युव्हीखाली जेल ठेवलं. आरपी-4 च्या लेनमध्ये एकच पट्टा, वरच्या अंगाला, जाड. म्हणजे संपूर्ण कड्यात कापायची जागा एकच. शेजारी मु-17 च्या लेनमध्ये दोन पट्टे.

हे एन्झाइम आम्ही बाटलीतून वापरतो, पण मुळात ते जिवाणूंचं दारावरचं कुत्रं आहे. परका डीएनए आत आला की त्याने कापावं, यासाठीच ते असतं. प्रत्येक घराचं कुत्रं वेगळं, प्रत्येकाला वेगळा शब्द डाचतो. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला त्या घरच्या कुत्र्याची ओळख पुरते. पण शंभर घरं फिरणाऱ्याने काय करावं? ज्या शब्दांवर कुत्री भुंकतात ते शब्दच आपल्या बोलीतून जाऊ द्यावेत. आरपी-4 चं तसंच झालेलं दिसतं. त्याच्या मूळ सांगाड्यात अशा सहा अक्षरी उलटसुलट सारख्या जागा फार विरळ आहेत, आणि 1996 मध्ये ब्रायन विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी त्या मोजून याचा उत्क्रांतीशी संबंध जोडला. ज्या प्रतींत अशा जागा होत्या त्या कुठल्या ना कुठल्या दारात कापल्या गेल्या. उरल्या त्या या.

एखाद्या प्राण्याच्या उत्क्रांतीचा पुरावा हाडांत शोधावा लागतो. इथे तो जे नाही त्यात आहे, आणि जेलवरचा तो एकटा पट्टा म्हणजे त्याचा फोटो. मी तिला तो वहीत चिकटवायला सांगितला आणि खाली काही लिहू नकोस म्हटलं, तारीख पुरे.

दुपारी 4.00

चहाला मामाही बसले. सकाळच्या लाल पिशव्या ऑटोक्लेव्हमधून त्यांनीच काढल्या होत्या.

"मॅडम, हे औषधाला न मरणारे जंतू आपल्याकडे आलेच कुठून? आधी नव्हते ना?"

मी त्यांना मरे संग्रहाबद्दल सांगितलं. ई. जी. डी. मरे नावाच्या एका जिवाणूतज्ज्ञाने 1917 ते 1954 या काळात जमवून ठेवलेले आतड्यांच्या आजारांचे जिवाणू, त्यातले बरेचसे प्रतिजैविकं बाजारात येण्याआधीचे. 1983 मध्ये व्हिक्टोरिया ह्यूज आणि नओमी दत्ता यांनी ते उघडून पाहिले. जवळपास चौथाई जिवाणूंमध्ये एका पेशीतून दुसरीत जाणारी प्लाझ्मिडं होतीच. गटही बहुतांश आजचेच. नव्हते ते फक्त आज त्यांच्यावर लादलेले प्रतिकार.

"म्हणजे गाडी जुनीच," मामा म्हणाले, "माल नवा."

यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. हा माल नेहमी वाईटच असतो असंही नाही. पीजेपी-4 नावाच्या आयएनसी-पी प्लाझ्मिडवर 2,4-डी हे तणनाशक पचवायची जनुकं आहेत, पीएडीपी-1 वर ॲट्राझिन पचवायची. जपानमध्ये डांग्या खोकल्याच्या जिवाणूत सापडलेलं पीबीपी-136 तर रिकामी गाडी आहे, कसलाच जादा माल नाही. आपण शेतात, कोंबड्यांच्या खाद्यात, गटारात जे ओततो त्यावर गाडीत काय भरलं जाईल ते ठरतं. 2017 मध्ये मुठेच्या गाळावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात धरणाकडच्या भागापेक्षा शहरातल्या गाळात प्रतिकाराची जनुकं 30 पटींपर्यंत जास्त आढळली. शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी नदीत जातं आणि नदी त्या मालाचं गोदाम होते. हे मी चहाच्या कपासमोर शांतपणे सांगते, पण मला ते शांतपणे घेता येत नाही. मी याच नदीकाठी वाढले आहे.

"उकळल्यावर मरतंय ना पण?"

"मरतं मामा. देणारा मेला की देणंघेणं संपलं."

त्यांनी कप उचलले.

संध्याकाळी 5.00

आता दिवसातली माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वेळ. काल, 29 व्या दिवशी, साध्या नळ्यांतल्या, म्हणजे टेट्रासायक्लीनशिवाय वाढलेल्या कॉलन्या, प्रत्येकी शंभर, टूथपिकने एकेक उचलून टेट्रासायक्लीनच्या प्लेटवर टेकवल्या होत्या. या प्लेट शनिवारच्या घाण्यातल्या नव्हेत, आदल्या आठवड्यातल्या. त्यांचे कंट्रोल कोरे आहेत, दोनदा पाहिले. जिथे ठिपका उगवला तिथे बिऱ्हाडकरू अजून घरात आहे, जिथे नाही तिथे तो गेला.

ई. कोलाय: सगळे ठिपके उगवलेले. पुटिडा: सगळे. यात आश्चर्य नाही. मु-17 सारख्या आयएनसी-पी प्लाझ्मिडाच्या एका पेशीत पाच ते आठच प्रती असतात. पेशी दुभंगताना त्या नशिबावर सोडल्या तर अधूनमधून एखादी लेक रिकामी निघेल. म्हणून या प्लाझ्मिडांकडे वाटणीची स्वतःची यंत्रणा असते, प्रती दोन्ही बाजूंना सरकवणारी. शिवाय एक कडक बंदोबस्त असतो: टिकाऊ विष आणि अल्पायुषी उतारा. प्लाझ्मिड हरवलेल्या पेशीत उतारा संपतो, विष उरतं, आणि पेशीची वाढ तिथेच खुंटते.

शेवानेला: जागोजागी रिकामे चौकोन. उगवलेले ठिपके विरळ, आठवडी बाजार उठल्यावरच्या पालांसारखे. म्हणजे इतका बंदोबस्त असूनही या घरात मु-17 चं बस्तान बसलेलं नाही. आत जाता येणं वेगळं आणि राहता येणं वेगळं, ही गोष्ट बहुयजमानी हा शब्द लपवून ठेवतो.

मग शेवानेलाच्याच टेट्रासायक्लीनच्या नळ्यांतली वंशावळ. तिथे इतक्या पिढ्या प्लाझ्मिड सोडायची मुभाच नव्हती, सोडलं की मरण. त्यांतल्या पेशी चार दिवसांपूर्वी काढून औषधाविना वाढवल्या आणि तशाच टेकवल्या. एका नळीच्या प्लेटवर शंभरच्या शंभर ठिपके आहेत. मी पुन्हा मोजले. तिने मोजले. शंभर.

कोण बदललं, घर की बिऱ्हाडकरू? अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात ईव्हा टॉप यांच्या गटाने हाच प्रश्न पीबीपी-136 च्या एका छोट्या तुकड्याला विचारला होता, 2010 मध्ये तो निबंध आला. जिथे तो तुकडा नीट टिकत नव्हता अशा चार यजमानांत त्यांनी तो हजार पिढ्या वाढवला. चारही ठिकाणी तो टिकू लागला. पण शेवानेलातून काढलेली प्लाझ्मिडंच जुन्या, न बदललेल्या यजमानात परत घातल्यावरही टिकली, म्हणजे तिथे बदल प्लाझ्मिडमध्ये झाला होता. नऊ प्लाझ्मिडांचा क्रम वाचला. सगळ्यांत बदल एकाच ठिकाणी: टीआरएफ-एच्या पुढच्या टोकाला, सकाळी मी फळ्यावर गोल केला त्या भागात. त्यांत निघालेल्या सात वेगवेगळ्या बदलांपैकी पाचांनी प्रतींची संख्या वाढली होती. आणि ही सुधारलेली प्लाझ्मिडं स्युडोमोनास एरुजिनोसात आता राहूच शकत नव्हती.

हा निबंध मी किती वेळा वाचला याला गणती नाही. बिऱ्हाडकरू एका घरात रमला, तिथे त्याला जे बरं पडलं ते त्याने केलं, आणि त्यात जुडग्यातली दुसरी किल्ली झिजून गेली. कुठेही राहता येणं ही त्याची एकदा मिळवलेली इस्टेट नव्हे. फिरत राहण्यानेच ती राखली जाते. म्हणून जेव्हा आपण नदीत औषधं आणि शंभर जातींचे जिवाणू एकत्र सोडतो, तेव्हा आपण फक्त प्रतिकार वाढवत नाही. प्लाझ्मिडांना फिरतं ठेवून त्यांच्या सगळ्या किल्ल्या चकचकीत ठेवतो.

संध्याकाळी 6.40

मु-17 नदीतलं अख्खं प्लाझ्मिड आहे, तुकडा नाही. त्याचंही तसंच झालं असेल का, हे एका मेटिंगने कळेल. डोनर, तीनशे पिढ्यांनंतरचा शेवानेला. रेसिपियंट, स्युडोमोनास एरुजिनोसा. बाजूला तीस दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं मूळ मु-17, त्याच जोडीने. आणि दोघांचे एकटे एकटे कंट्रोल.

एरुजिनोसाची नळी उघडली की खोलीत पिकलेल्या द्राक्षांचा वास येतो, वर निळसर हिरवी झाक. जळीत कक्षात काम केलेल्या नर्स हा वास ओळखतात असं मी ऐकलं आहे. मला त्या वासाने बर्मिंगहॅम आठवतं, जिथे मी कधी गेलेले नाही. ही नळी कॅबिनेटच्या आत, दोन हातमोजे घालून.

उद्या फिल्टर धुऊन प्लेट 42 अंशांवर ठेवायच्या. त्या उष्णतेत शेवानेला वाढत नाही, एरुजिनोसा खुशाल वाढतो. डोनर असा आपोआप गळतो. टेट्रासायक्लीनची मात्रा मात्र ई. कोलायच्या कितीतरी पट लागेल, एरुजिनोसा जन्मजात चिवट आहे. त्या प्लेट मी आत्ताच ओतून, फॉइलमध्ये गुंडाळून, फ्रीजमध्ये ठेवल्या. फॉइलवर तारीख, वेळ आणि माझं नाव.

रात्री 8.15

चार फिल्टर आगरवर. चिमट्याने कडेला धरून ठेवताना खाली बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर तेवढी साय सुकते. एकाखाली राहिला होता. उचलून पुन्हा ठेवला.

विद्यार्थिनी गेली. जाताना म्हणाली, "ताई, उद्या मी साडेसहाला येऊ?" मी म्हटलं ये.

इन्क्युबेटरचं दार लावलं. शेकरमध्ये अठरा नळ्या डुलताहेत, एकतिसावी रात्र.